वऱ्हाडच्या उन्हात खाऱ्या पाण्याचा रहिवासी

कापसाच्या काळ्या जमिनीवर, समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय थाटणाऱ्या हौशींची संख्या मोठी नसली, तरी वणी-पुसदकडून येणाऱ्या पत्रांत हल्ली एकच पृच्छा वारंवार आढळते, आणि ती म्हणजे दुकानात पाहिलेला तो बोटभर लांबीचा, केशरी अंगावर काळ्या कडेचे पांढरे पट्टे मिरवणारा रॅस मासा घरी आणावा की नाही.

या पृच्छकांना आमचे पहिले सांगणे असे की, ज्याने त्यांचे मन मोहित केले ते त्या माशाचे केवळ बालरूप होय. कोरिस गैमार्ड जातीचे हे पोर पुढे निळ्या ठिपक्यांचे गर्द अंग आणि पिवळे शेपूट धारण करून ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते. त्याचा भाऊबंद कोरिस फॉर्मोसा ६० सेंटिमीटरची मजल गाठतो, आणि कोरिस आयगुला तर मीटरभराची मर्यादाही ओलांडतो. दोन मीटरांहून मोठा होणारा नेपोलियन रॅस चर्चेच्या बाहेरच ठेवावा. २००४ साली त्याचे नाव वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात दाखल झाले, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर सरकारदरबारी नोंद करण्याचे बंधन घातले. शिवाय घरात तो मावणार कोठे?

गैमार्डसाठी आठ फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी आम्ही किमान मानतो. तिच्यात सुमारे ९०० लिटर पाणी मावते, आणि लिटरमागे ३५ ग्रॅमांच्या हिशेबाने पहिल्या भरणीलाच तीस किलोंहून अधिक सागरी मीठ लागते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते समुद्राच्या काठावर. आपल्याला समुद्र घरीच कालवावा लागतो. मिठाची तजवीज पैशाने होते, खरी अडचण गोड्या पाण्याची. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी जड, आणि जिल्ह्याच्या काही भागांत फ्लोराइडयुक्त. ते आरओ यंत्रातून काढल्याखेरीज वापरू नये. आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा म्हटले, तर ९० लिटर शुद्ध पाण्यामागे त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी यंत्र बाहेर टाकते. २०१८ साली निळोणा व चापडोह धरणांनी तळ गाठल्यावर यवतमाळ शहराचे जे हाल झाले, ते पाहिलेल्या माणसाने यंत्राचे हे टाकाऊ पाणी धुण्याभांड्याला वळवण्याचा बंदोबस्त टाकी भरण्याआधी करावा. नाहीतर घरातली माणसेच माशाविरुद्ध फिर्याद करतील, आणि ती फिर्याद रास्त असेल.

उन्हाळ्याची बाब मात्र समजली जाते तितकी निराशाजनक नाही. पारा ४४-४५ अंशांवर चढतो तेव्हा आपली हवा कोरडी असते, आणि ज्या न्यायाने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घर थंड करतो, त्याच न्यायाने पाण्यावर तिरपा लावलेला साधा पंखा टाकी थंड करतो. मुंबईच्या दमट हवेतील आमच्या बंधूंना हे सुख नाही, त्यांना महागड्या चिलरचीच वाट धरावी लागते. पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून घट भरून काढताना निव्वळ गोडे पाणीच घालावे (नवशिके येथे हमखास खारे घालतात) आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे की नाही ते रोज पाहावे. कसोटीचा काळ मे नव्हे, तर मृगाच्या आगेमागेचे दिवस, जेव्हा ऊन उतरलेले नसते पण हवा दमट झालेली असते, कूलर नुसते चिकट वारे फेकतो, आणि वादळाने वीज जाते. त्या पंधरवड्यात बॅटरीवरचा हवापंप हाताशी ठेवावा व माशाचे खाणे निम्मे करावे.

गैमार्ड रात्री वाळूत शिरून झोपतो, भ्याला तरी तेथेच आश्रय घेतो. म्हणून तळाला बारीक वाळूचा चार इंची थर हवा. नवा मासा कित्येकदा दोन-चार दिवस वर येतच नाही, आणि धनी तो मेला असे समजून वाळू उपसू लागतो. तसे करू नये. मोठेपणी तो गोगलगायी, खेकडे, कोळंबी फस्त करतो आणि भक्ष्यासाठी दगड उलथतो, तेव्हा मोठे दगड वाळूवर न रचता टाकीच्या तळावर टेकवावे. आणि तो उडी मारतो. काचेचे घट्ट झाकण बसवले तर पंख्याचा उपयोगच संपतो. त्यापेक्षा चौकटीवर ताणलेली, पाव इंची भोकांची नायलॉनची जाळी बसवावी, आणि नळीसाठी कोपऱ्यात ठेवलेली फटही बुजवावी, कारण मासा नेमका तेथूनच बाहेर पडतो.