नोंदवही कपाटात, गाव नकाशाबाहेर

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक असून, २००४ च्या नियमांनी या समितीवर लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावशिवारातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीची लोकांची माहिती यांचा दस्तऐवज, तयार करण्याची जबाबदारी टाकली. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारखी ग्रामपंचायतही या तरतुदीच्या कक्षेत येते. ज्यांच्या विचारातून ही कल्पना आकाराला आली त्या माधव गाडगीळ यांच्या मते गावाने आपल्या निसर्गसंपत्तीचा हिशेब स्वतः ठेवणे हाच तिचा गाभा होता. परंतु राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत देऊन त्यापुढे कसूर करणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावल्यावर हे काम घाईने उरकण्याकडे यंत्रणेचा कल झाला, आणि दरवर्षी वाढत जावी अशी अपेक्षा असलेली नोंदवही एकदाच सादर करावयाचा कागद होऊन बसली.

याच काळात आणखी एक नोंदवही भरत होती. कोपनहेगन येथे मुख्यालय असलेली, २००१ मध्ये सुरू झालेली जीबीआयएफ ही संस्था जगभरातील संग्रहालये आणि निरीक्षक यांच्या नोंदी एकत्र आणून सर्वांना खुल्या करते. भारतात २००८ पासून इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल हे काम करीत आले असून, पक्ष्यांसाठी ई-बर्ड आणि सर्व सजीवांसाठी आय-नॅचरलिस्ट ही व्यासपीठे रुळली आहेत. कोणता जीव, कोठे, केव्हा आणि कोणी पाहिला, ही चार उत्तरे ठरावीक साच्यात लिहिली की एका गावची नोंद दुसऱ्या देशातील नोंदीशी ताडून पाहता येते. या साच्याला डार्विन कोअर म्हणतात. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने ९४२ जातींचा आढावा घेऊन त्यांतील १७८ जातींच्या संवर्धनाला सर्वाधिक प्राधान्य द्यावे असे सुचविले. कोणत्याही एका खात्याला एवढी माहिती एकट्याने जमविणे शक्य झाले नसते.

या व्यवस्थेचा खरा लाभ तपासणीत आहे. पावसाळा सुरू होताच धुऱ्यांवर उगवणारा आणि भाजीसाठी खुडला जाणारा तरोटा, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात टाकळा म्हणतात, नोंदवहीत बहुधा एका ओळीत संपतो. वर्गीकरणशास्त्र, म्हणजे सजीवांना ओळखून त्यांची नावे व नाती निश्चित करणारे शास्त्र, मात्र सेना टोरा आणि सेना ऑब्ट्युसिफोलिया अशा दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या मानते. पानाच्या देठावर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये असलेल्या बारीक ग्रंथींची संख्या आणि शेंगेच्या देठाची लांबी यांवरून त्या ओळखता येतात. केवळ नाव लिहिलेल्या ओळीतून हा निर्णय कधीच होणार नाही. देठाचे स्पष्ट छायाचित्र जोडलेले असेल, तर दूरच्या विद्यापीठातील अभ्यासकही तो करू शकेल आणि चूक झाली असल्यास दुसरा ती दुरुस्त करील.

न तपासलेली नोंद किती महागात पडते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून दिसते. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये वर्णन केलेल्या या घुबडाचे शेवटचे खरे नमुने डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात मिळविले होते. परंतु पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर १९१४ सालची, गुजरातेतील मांडवीची चिठ्ठी लावल्याने शोध घेणारे भलत्याच दिशेला भटकत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासून ही लबाडी ओळखली, खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला.

अर्थात स्वेच्छेने जमणाऱ्या नोंदी निरीक्षक जेथे जातात तेथेच दाटतात. कारंजा-सोहोळचे १८.३२ चौरस किलोमीटरचे काळवीट अभयारण्य अभ्यासकांच्या नजरेत असते, पण त्याच पट्ट्यातील ई-क्लास म्हणजे सरकारी चराऊ जमिनी, पांदणी आणि गवती माळ यांच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. नोंद नसलेला माळ सरकारदरबारी पडीक ठरतो आणि तणमोरासारख्या गवताळ प्रदेशाच्या पक्ष्याचे आश्रयस्थान एखाद्या प्रकल्पाला देताना कोणाचीही हरकत उभी राहत नाही.

तरीही सर्व काही खुले करावे, असा याचा अर्थ नाही. खवले मांजर किंवा चांदणी कासव यांचे नेमके ठिकाण जाहीर झाले तर पहिला लाभ शिकाऱ्याला होईल. म्हणूनच आय-नॅचरलिस्टसारखी व्यासपीठे अशा जातींचे ठिकाण सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीत धूसर करून दाखवितात. औषधी उपयोगाची माहिती, किंवा फासेपारधी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या असलेली माळरानाची जाण, हा त्या लोकांचा ठेवा असून तो त्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये; कायद्याने लाभवाटपाची तरतूद केली आहे ती याच कारणासाठी. तेव्हा नोंदवहीचे दोन भाग करणे रास्त ठरेल: जीव आणि त्याचे छायाचित्र खुल्या व्यासपीठावर, तर उपयोगाचे ज्ञान समितीच्या ताब्यात.

यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. शाळेतील शिक्षक, मोबाइल हाताळणारी मुले आणि गवत ओळखणारे गुराखी प्रत्येक गावात आहेत. इंझोरीसह जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नोंदवही अद्ययावत करण्याचा विषय घ्यावा, ती वाचून दाखवावी आणि पहिल्या खुल्या नोंदीवर गावाचे नाव लागेल असा ठराव करावा.