ईस्ट लिंटन येथील मळणीयंत्राचे ऋण

स्कॉटलंडास जाणारा प्रवासी बहुधा एडिंबरोचा किल्ला पाहून उत्तरेच्या डोंगरांकडे वळतो. शेतकरी बांधवांनी मात्र एडिंबरोच्या पूर्वेस असलेले ईस्ट लिंटन हे लहानसे गाव अवश्य पाहावे, असे आमचे मत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील रेल्वेस्थानक पुनः उघडल्याने मार्गही सुलभ झाला आहे.

गावाभोवती गहू, सातू व बटाटे यांची सुपीक शेते असून टाइन नदीच्या काठी प्रेस्टनची जुनी पाणचक्की आहे. शंकूच्या आकाराच्या कौलारू छपराखालील भट्टीत ओट वाळवून मग ते दळीत असत. १९५९ पर्यंत ही चक्की चालू होती.

याच परिसरात अँड्र्यू मीकल या चक्क्या बांधणाऱ्या कारागिराने १७८६ च्या सुमारास मळणीयंत्र सिद्ध केले. पेंढ्या झोडपण्याचे हिवाळाभराचे काम फिरत्या ढोलाने अल्पावधीत उरकू लागले. जमीनदारांचा लाभ झाला. मीकलच्या पदरी फारसे काही पडले नाही. अखेर १८०९ साली सर जॉन सिंक्लेअर यांनी त्याच्यासाठी १,५०० पौंडांची वर्गणी जमविली. पुढे १८३० साली, हिवाळ्याची मजुरी बुडालेल्या दक्षिण इंग्लंडातील मजुरांनी अशी यंत्रे फोडली.

मीकलची समाधी गावच्या प्रेस्टनकर्क चर्चच्या आवारात आहे. तेथे क्षणभर थांबून आपण विचार करावा. यंत्राने वाचलेल्या खर्चाचा हिशेब आपण चोख ठेवतो. ज्याने यंत्र दिले आणि ज्याची मजुरी गेली, त्या दोघांचेही खाते त्याच वहीत असले पाहिजे.