'घर सांभाळून शीक' म्हणजे नक्की काय?



मुलीच्या लग्नाच्या बायोडाटात 'पीएच.डी. सुरू' असं आपण ठळक छापतो. चार वर्षांनी तीच मुलगी 'अर्धवट सोडलेली' ठरते आणि आपणच निकाल देतो, "तिला झेपलं नाही." मला हे अजिबात मान्य नाही. जिने प्रवेश परीक्षा दिली, समितीपुढे विषय मांडून मंजूर करून घेतला, तिची बुद्धी लग्नानंतर आटत नाही. आटतो तो वेळ.

प्रबंध फोडणी देता देता लिहून होत नाही. त्याला सलग तीन-चार तास लागतात. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, म्हणजे चार वाजता ओट्याशी उभं राहणं आलंच. नियम उत्तम आहे, मीही पाळते. पण सूर्यास्त काय फक्त सुनेसाठी होतो? पाणी गाळून उकळायला, धान्य निवडायला घरातल्या पुरुषांना कोणत्या शास्त्राने मनाई केली आहे?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षांची मुदत आहे. शिवाय स्त्रियांना इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त सवलत आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा देता येते. जे यूजीसीला कळलं ते घराला कळत नाही!

प्रकरणं महिनोन्महिने न वाचणारे मार्गदर्शक, रखडलेली शिष्यवृत्ती, हीही कारणं आहेतच. पण ती लढाई लढायलाही पाठीशी घर लागतं.

आपण स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय वाचतो. दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणला तर ज्ञानावरणीय कर्माचा आस्रव होतो, असं तो सांगतो. हा अंतराय फक्त पाठशाळेतल्या पोथीपुरता आहे का? चार दानांत आहारदानासाठी आपण पहाटेपासून चौका लावतो. मग ज्ञानदान सुनेच्या वाट्याला का येऊ नये? ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. तो अभिमान सुनेपाशी येऊन का थांबतो?

म्हणून सासूबाईंनो, जावांनो, 'घर सांभाळून शीक' हे वाक्य आता पुरे. त्याऐवजी म्हणा, "आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडे." या चातुर्मासात एखादा उपवास कमी झाला तरी चालेल, पण हा नियम घ्या.