चांगला हात बांधा!

अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या समाचाराला गेलो, की एक देखावा हटकून दिसतो. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, पाण्याचे भांडे डाव्या हातात, आणि घास भरवायला सूनबाई तत्पर! ‘हात गेला हो,’ म्हणून सारे सुस्कारा टाकतात. पण तो खरोखरच गेलेला असतो काय?

मूळ बिघाड हातात नसतोच. तो असतो मेंदूत. उजव्या हाताला हुकूम सुटतो मेंदूच्या डाव्या बाजूकडून. तिथला रक्तपुरवठा तुटला, की हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे खरे. परंतु शेजारच्या पेशी त्यांचे काम थोडेफार उचलू शकतात. मात्र ते काम त्यांच्यावर पडले पाहिजे!

अमेरिकेत रँडॉल्फ न्यूडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हे माकडांवर दाखविले. मेंदूतील हाताच्या जागेला लहानशी इजा झाल्यावर त्यांनी माकडांना बारीक खळग्यांतून खाऊ वेचायला लावले. सरावाने हाताची उरलेली जागा टिकली. काहींच्या मेंदूत तर ती कोपर-खांद्याच्या जागेतही पसरली.

त्यांच्याच देशातील एडवर्ड टाउब यांनी दुसरी गोम ओळखली. लुळ्या हाताचे पहिले प्रयत्न फसतात, चांगल्या हाताने भागते, आणि लुळा हात न वापरण्याची मेंदूला सवयच जडते. यावर तोडगा उफराटा: चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि लुळ्या हाताला कामाला जुंपायचे! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २२२ रुग्ण होते. ज्यांनी २ आठवडे हा उपाय केला, त्यांचा हात वर्षानंतरही इतरांपेक्षा अधिक चालत होता.

मात्र हा उपाय सरसकट सर्वांना नव्हे. मनगट व बोटे थोडी तरी उचलता येत असावीत; शिवाय चालताना तोल जाण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मोजा चढवू नये.

पण एक गोष्ट घरच्यांना करता येईल. हलू शकणाऱ्या हाताचे काम मायेपोटी हिरावून घेऊ नये. त्या हाताने शिते सांडतील, जेवणाला तास लागेल. लागू द्या! सूनबाई, भरवू नका. फक्त जवळ बसा.