गिरणीने नेलेले कान

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली कायमची बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आणि उंच इमारती आहेत. मागांचा खडखडाट थांबला, पण तो ज्यांच्या कानांनी पचवला ते कामगार आज म्हातारे होऊन याच शहरात राहतात.

विणाई खात्यात शेजारच्याशीही खुणांनी बोलावे लागे. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे पाळ्या भरल्या की अंतःकर्णातील नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे सूर जातात, स, श, त यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, शब्द उमगत नाही. म्हणून म्हातारा म्हणतो, ‘मला ऐकू येते, तुम्हीच नीट बोलत नाही.’ घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ या दोन वाक्यांत एक व्यावसायिक आजार बुडून जातो. होय, आजारच! गोंगाटाने येणारे बधिरत्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत समाविष्ट झाले होते. परंतु दाव्याला चाचणीचा कागद लागतो, नोकरीचा दाखला लागतो, आणि समोर मालक लागतो. गिरणीच उरली नाही तेथे दाद कोणाकडे मागावयाची?

निवृत्त अधिकाऱ्याला कमी ऐकू येऊ लागले की तो तज्ज्ञाकडे जातो. गिरणी कामगाराने मेडिकलमध्ये जायचे तर सोबतच्या मुलाची दिवसाची रोजी बुडते. आणि तेथे पुकारलेला नंबरही त्याला ऐकू येत नाही. तो जात नाही. याला उदासीनता म्हणणारे विद्वान आहेत. आमच्या मते तो गरिबाचा रोकडा हिशेब आहे.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आली. राज्याने २०२४ साली पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना एकदाच ३००० रुपये देऊ केले. आम्ही त्यांची टवाळी करीत नाही. परंतु एवढ्या रकमेत दोन्ही कानांची चांगली यंत्रे येत नाहीत. शिवाय श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. ते प्रत्येक कानाला जुळवावे लागते, कित्येक आठवडे सवय करावी लागते, पुन्हा दुरुस्त करून घ्यावे लागते. शिबिरात पुढाऱ्याच्या हस्ते मिळालेले यंत्र पुढे कपाटात जाऊन पडते, ते यामुळेच.

मेडिकल आणि मेयोचे चाचणी पथक महिन्यातून एकदा कामगार वस्त्यांत आले पाहिजे, आणि यंत्राची देखभाल व बॅटऱ्या योजनेतच धरल्या पाहिजेत. हिंगणा आणि बुटीबोरीत गोंगाटाच्या खात्यांत आज पाळी करणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासून त्याचा कागद कामगाराच्या हाती दिला पाहिजे; उद्याच्या दाव्याला तोच आधार आहे.

कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या सभांना पूर्वी नेमाने येणारे किती जुने कामगार अलीकडे यायचे थांबले, त्याची वॉर्डवार यादी करावी. त्यांच्या घरी जावे, रेडिओ-टीव्ही बंद करून समोर बसावे, ओरडू नये, सावकाश बोलावे. आणि पहिल्या चाचणीला त्यांच्यासोबत स्वतः जावे, म्हणजे मुलाची रोजी बुडणार नाही.