बाळ चिखलातच राहिले

गणेशोत्सवातील कीर्तन हे भरतमुनींच्या अर्थाने नाट्यच आहे, हे आपल्या ध्यानी फारसे येत नाही. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद निर्मिला, अशी कथा नाट्यशास्त्राच्या प्रारंभीच आहे. पहिला प्रयोग झाला तोही इंद्रध्वजाच्या उत्सवात. कीर्तनकारांचा ‘पूर्वरंग’ हा शब्दसुद्धा त्याच शास्त्रातला. तेथे मात्र तो प्रयोगापूर्वीच्या पूजन-गायनास लावतात.

रस समजावताना मुनी थेट स्वयंपाकघरात शिरतात. गूळ, मसाले, वनस्पती एकत्र येऊन जशी निराळीच गोडी सिद्ध होते, तसा नाना भावांच्या संयोगाने रस. आमच्या राहुरीच्या ऊसकऱ्याला हे फोडून सांगावयास नको. उसाचा रस कढईत आटत असतो, गुळव्या चुलाणापाशी बसून पाक जोखतो. कढई घाईने उतरविली तर काकवी मिळते, गूळ नव्हे.

याच तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे सन १७६२ साली, ‘भक्तविजय’ रचिला. कित्येक कीर्तनकारांची आख्याने आजही त्या शिदोरीवर चालतात. गोरोबाकाकांचेच आख्यान घ्या. बुवांच्या खांद्यावर उपरणे, हाती चिपळ्या. आहार्य अभिनय तो एवढाच. तोच पुरुष गोरोबा होतो, तोच पाणी घेऊन परतलेली माउली होतो. मुखी नाम, पाय माती तुडवीत आहेत. मूल पायाखाली गेल्याचे गोरोबांना कळत नाही, आपल्याला कळते. तेथे करुण. पुढे पंढरीच्या कीर्तनात बाळ परत येते, करुणाचा अद्भुत होतो, आणि मगच श्रोता घरी जावयास मोकळा होतो. हा क्रम मध्येच तोडता येत नाही.

गेल्या वर्षी एका मंडळाने बुवांना पाऊण तास दिला होता. पुढे सत्कार होते, गाण्यांचा कार्यक्रम होता. त्यातला बराच वेळ विनोदांत गेला. हास्य हाही भरतांच्या आठांतला रस, त्याला आमची ना नाही. पण मूल पायाखाली गेले आणि नेमकी त्याच क्षणी कार्यकर्त्याने चिठ्ठी पुढे केली. बुवांनी मुकाट्याने आरती धरली.

उत्सवाच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे : सत्कार कमी करा, निवेदकाची भाषणे कमी करा, लागलाच तर पूर्वरंग आटोपता घ्या, उत्तररंगास हात लावू नका.

त्या रात्री शेजारी एक आजी बसल्या होत्या. कथा त्यांना आमच्याहून अधिक पाठ असणार. आरती झाली, लोक उठले, तरी त्या उठेनात. ‘‘अन् लेकराचं काय झालं?’’ त्यांनी आम्हांस विचारले.