धनी भोळा, चाकर लबाड

“साहेब माणूस म्हणून चांगले हो, पण भोवतालची माणसं बरी नाहीत.” पंचायत समितीच्या आवारापासून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत हे वाक्य ज्याच्या कानावर पडले नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. काम अडले की पीए वाईट, पैसे मागितले की मेव्हणा वाईट, निवडणूक हरली की ‘कोंडाळे’ वाईट. साहेब तेवढे धुतल्या तांदळासारखे. वाक्य बोलणाऱ्याच्या स्वरात आतली बातमी फोडल्याचा आव असतो. माझे म्हणणे असे की हे वाक्य बहुतेक वेळा खोटे असते, आणि अर्धे खरे असते तेव्हा तर अधिकच घातक ठरते.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडू; ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. राज्यकर्ता एकटा सगळे पाहू शकत नाही. कोणाला भेट मिळावी, कोणता कागद वर जावा, कोणती बातमी दाबावी, हे दाराशी बसलेला ठरवतो. त्याला पद नसते, म्हणून जाब विचारता येत नाही. त्याने शपथ घेतलेली नसते, म्हणून ती मोडल्याचा दोषही लागत नाही. अशा माणसाने वर्षानुवर्षे कान भरले, तर धनी फसला असेच म्हणायला हवे. हा युक्तिवाद करणाऱ्या मराठी माणसाचा दाखला ठरलेला असतो: दुसरा बाजीराव आणि त्रिंबकजी डेंगळे. निमगाव जाळीचा हा गडी जासूद म्हणून चाकरीला लागला, बाजीरावाच्या गळ्यातला ताईत झाला, त्याने गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून करवला आणि पेशवाई बुडवली.

मग तोच दाखला तपासू.

बाजीराव पेशवा झाला १७९६ साली. गादीसाठी दौलतराव शिंद्यांना कबूल केलेली रक्कम देता येईना, तेव्हा १७९८ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे पुण्यात वसुलीला उतरले आणि त्यांनी शहर नागवले. पुणेकरांच्या शिव्या सर्जेरावांनी खाल्ल्या. पण ती उधारी कोणाची होती, आणि शहरातून वसूल करायला संमती कोणाची होती? बाजीरावाची. पुढे १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्या दिवसांत मर्जीतले नाव होते बाळोजी कुंजीर. त्या एका मृत्यूचा सूड घेत यशवंतराव होळकर पुण्यावर आले, ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला लढाई झाली, पेशवा पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही करून इंग्रजांच्या फौजेच्या आश्रयाला गेला. पेशवाईचे स्वातंत्र्य गेले ते त्या दिवशी. त्रिंबकजीचे वजन वाढले त्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे ज्याने राज्य बुडवले म्हणतात, तो येण्याआधीच ते बुडून चुकले होते. कान तेच होते; त्यांच्याशी लागणारी तोंडे तेवढी बदलत गेली.

आता तो गेल्यावर काय झाले ते पाहा. गायकवाडांचे वकील म्हणून इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आलेले गंगाधरशास्त्री जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले. रेसिडेंट एल्फिन्स्टनने चौकशी करून त्रिंबकजीवर ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये बाजीरावाने त्याला इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि तो ठाण्याच्या किल्ल्यात डांबला गेला. उघड खटला कधीच चालला नाही. वर्षभर कान भरणारा माणूस पुण्यात नव्हता. बाजीराव सुधारला का? शिंदे, होळकर, भोसल्यांकडची त्याची गुप्त बोलणी सुटली नाहीत. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याहून निसटला आणि त्याला लपूनछपून पैसा पुरवला तो पेशव्यानेच. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला लढाई झाली, तिची सूत्रे बापू गोखल्यांकडे होती. त्रिंबकजी नव्हता तेव्हाही धोरण तेच, होता तेव्हाही तेच. हे धोरण शहाणपणाचे होते की वेडेपणाचे, हा वेगळा वाद आहे. ते त्रिंबकजीचे नव्हते, एवढाच माझा मुद्दा.

मग त्रिंबकजी करत काय होता? बाजीरावाला जे हवे होते ते. मामलती जास्त बोली करणाऱ्याला इजाऱ्याने द्यायच्या, त्याने रयत पिळायची आणि पैसा पेशव्याच्या खासगी तिजोरीत यायचा, ही पद्धत बाजीरावाची आवडती. ती राबवणारे हात त्रिंबकजीचे. ते हात बाजीरावाने का निवडले, हे समजणे फार महत्त्वाचे आहे. पटवर्धन, रास्ते अशा जुन्या सरदारांवर त्याचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे स्वतःचा मुलूख होता, स्वतःची फौज होती, नाही म्हणण्याची ताकद होती. त्रिंबकजीकडे यातले काहीच नव्हते. धन्याची मर्जी एवढीच त्याची जहागीर. अशा माणसाकडून काहीही करवून घेता येते, आणि अंगाशी आले की त्याला टाकूनही देता येते. टाकून दिल्यावर त्याच्या बाजूने उभे राहायला कोणी येत नाही. धन्याला फसवून तो जवळ आला असे आपण म्हणतो. खरे पाहता तो टाकाऊ होता, म्हणूनच जवळ केला गेला.

या कथेत इंग्रजांनी केलेला व्यवहार तर शिकण्यासारखा आहे. १८१५ मध्ये त्यांना पेशवा हवा होता, म्हणून त्यांनी भूमिका घेतली की पेशवे निर्दोष, दोष सगळा कारभाऱ्याचा. जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाकडून त्रिंबकजीच्या अपराधाची कबुलीही लिहवून घेतली. पुढे युद्ध झाले, पेशवा नकोसा झाला, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याला काढलेल्या जाहीरनाम्यात हेच इंग्रज सांगू लागले की खुनाबद्दल लोक तेव्हाही बाजीरावाकडेच बोट दाखवत होते, आम्ही स्नेहापोटी विश्वास ठेवला नाही. खून एक, पुरावा तोच, गुन्हेगार मात्र सोयीप्रमाणे बदलला. ‘भोवतालची माणसे वाईट’ हे वाक्य कोण कधी वापरतो, याचा याहून उघडा नमुना मला माहीत नाही. बाजीरावाला ब्रह्मावर्त आणि सालीना आठ लाखांचे पेन्शन मिळाले. १८५१ पर्यंत तो तिथे राहिला. त्रिंबकजी चुनारच्या किल्ल्यात कैदेत १८२९ मध्ये मेला.

कोणी म्हणेल, एका बाजीरावावरून सिद्धान्त काढू नका. ठीक. १७९१ मध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम याने तेलंगी ब्राह्मणांना कोठडीत कोंबले, त्यांतले बरेच गुदमरून मेले, शहर खवळले आणि घाशीराम दगडांखाली मेला. ते दुष्कृत्य घाशीरामाने कारभारी नाना फडणविसांना विचारून केले असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या जुलमाच्या तक्रारी शहरभर होत्या, त्याला पदावर ठेवणारे नानाच होते. घाशीराम गेला, नाना पुढेही कारभारात राहिले. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा वादळ उठले ते नानांची बदनामी झाली म्हणून. घाशीरामाच्या बाजूने कोणी ब्रही काढला नाही. चाकराला वाटेल तसे रंगवा, धन्याला हात लावू नका, हा आपला जुना बाणा.

संभाजीराजांच्या मर्जीतल्या कवी कलशाची गोष्ट याच बाण्यातून बिघडली. शिवछत्रपतींच्या मुलाला थेट दोष द्यायला जीभ रेटत नव्हती, म्हणून बखरकारांनी ‘कलुषा’ नावाचा मांत्रिक उभा केला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर घटनांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेली. संभाजीराजांनी ज्यांना देहदंड दिला त्या बाळाजी आवजींच्याच घराण्यातली. तिच्यावर विसंबून पुढे नाटके रंगली. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र आले तेव्हा कुठे हे चित्र हलले. राजाची मती फिरवणारा म्हणून रंगवलेला हा माणूस संगमेश्वरला राजाबरोबर पकडला गेला आणि मार्च १६८९ मध्ये राजाबरोबरच हालहाल होऊन मेला. संभाजीराजांचे निर्णय बरोबर असोत वा चूक, ते त्यांचे होते. त्यांचा मोठेपणा मान्य करायचा तर ही जबाबदारीही त्यांच्याकडेच ठेवली पाहिजे. स्वतःची मती नसलेला राजा आदराला तरी कसा पात्र ठरणार?

रशियाच्या झारच्या मर्जीतला साधू रासपुतिन वगळला तर प्रतिपक्ष रागवेल, म्हणून दोन ओळी. १९१४ मध्ये त्याने झारला युद्धात न पडण्याबद्दल तार केली. झारने ऐकले नाही. मनाजोगते सांगितले की रासपुतिन संत, नाही सांगितले की त्याची तार बाजूला. डिसेंबर १९१६ मध्ये सरदारांनी राज्य वाचवायला त्याला मारले. अडीच महिन्यांत झारची गादी गेली.

खंडन इथवर. आता माझी बाजू. ‘मग बिनपदाचे सल्लागार बंदच करा, सल्ला फक्त मंत्र्यांनी द्यावा’ असे सुचवणारे सज्जन असतात. मला ते मान्य नाही. राज्यकर्त्याने मित्राशी, गुरूशी, बायकोशी बोलू नये असा नियम करता येत नाही आणि करूही नये. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी कोणत्या पदावर होते? कोणत्याच नाही. पण शाहू छत्रपतींपासून पहिल्या बाजीरावापर्यंत आणि आंग्र्यांपर्यंत त्यांचा वावर होता. ते कर्ज देत, व्याज मागत, सडकून टीका करत. सिद्दीने १७२७ मध्ये परशुरामाचे देवस्थान मोडले, त्याचा राग धरून जंजिऱ्याच्या मोहिमेचा आग्रहही त्यांनी धरला. म्हणजे हितसंबंध होते, राग होता, सावकारी होती. तरी मोहीम अर्धवट राहिली तेव्हा ‘स्वामींनी फसवले’ असे शाहू छत्रपती म्हणाले नाहीत की पेशवे म्हणाले नाहीत. स्वामींनी काय मागितले आणि त्यांना काय उत्तर गेले हे त्यांच्या पत्रव्यवहारातून आजही वाचता येते. सल्ला कागदावर, निर्णय ज्याचा त्याच्या नावावर. एवढे असेल तर सल्लागार बैरागी असो की सावकार, माझी हरकत नाही.

आणि पदावरची माणसे राज्य वाचवतात, या भ्रमातही राहू नये. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली तेव्हा पदावरच्या केंद्रीय मंत्रिमंडळाला बातमी मिळाली दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्यांनी माना डोलावल्या. सल्ला देणारे सिद्धार्थ शंकर राय केंद्रात कोणी नव्हते, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. पंतप्रधान इंदिरा गांधींचे पुत्र संजय गांधींकडे तर सरकारी पदच नव्हते. त्या रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली ती तोंडी आदेशावर. न्यायमूर्ती शहा आयोगासमोर हे सगळे आले. नंतर घरोघरी ऐकू येऊ लागले, ‘बाई चांगल्या, पोराने घात केला’. पोराकडे सहीचा अधिकार नव्हता. राष्ट्रपतींना गेलेल्या पत्राखाली सही बाईंची होती, आणि तोंडी आदेश पाळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला कागद मागता आला असता.

दुखणे तिथे आहे. खास माणूस साहेबांच्या कानात काय बोलतो याने राज्य बिघडत नाही. त्याने बाहेर येऊन ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हटले आणि समोरच्याने ते ऐकले, की बिघडते. त्याची सगळी ताकद या दोन शब्दांत आहे, आणि ती त्याला साहेबांच्या सोयीच्या मौनातून मिळते. म्हणून पीए बदला, मेव्हण्याला हाकला, कोंडाळे फोडा, या मागण्या करण्यात माझ्या मते अर्थ नाही. नवा पीए येतो, तो जुन्याचाच वारसा चालवतो. मागायचे ते लेखी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर चालू नये, असा आदेश मिळाला तर त्याची नोंद करावी. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांतही लेखी आदेशाचाच आग्रह आहे. नियमांची वाण कधीच नव्हती.

यावर अनुभवी अधिकारी हसतो. ‘लेखी द्या’ म्हणणाऱ्याची बदली होते, हे त्याला ठाऊक असते. त्याचे हसणे खरे आहे. पण बदलीसुद्धा कागदावरच होते. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते, आणि त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराने ती नोंद कोणालाही मागता येते. तालुक्यातला एखादा तहसीलदार वर्षाच्या आत हलला, की चहाच्या टपरीवर मेव्हण्याचे नाव घेणारे दहा जण निघतात. त्यांतल्या एकाने दहा रुपयांचा अर्ज करून ती कारणे मागवावीत आणि त्याखाली सही कोणाची आहे ते टपरीवर वाचून दाखवावे. मेव्हण्याची सही त्यावर नसेल.